देहाचे पुनरुत्थान आणि ख्रिस्ताचे पुनरागमन: पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

मृत्यूनंतर काय, या प्रश्नाला ख्रिस्ती धर्ममत तीन घटना सांगून उत्तर देते: येशू ख्रिस्त पुन्हा येईल, मेलेले देहासह उठतील आणि सर्वांचा न्याय होईल. इ.स. ३२५ मध्ये निकेया येथे मांडलेला आणि ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे विस्तारलेला मतांगीकार कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या मानतात. त्यात ख्रिस्ताच्या पुन्हा येण्याचा आणि मृतांच्या पुनरुत्थानाचा उच्चार आहे. ‘माणूस मेला की त्याचा आत्मा स्वर्गात जातो’ ही समजूत ख्रिस्ती घरांतही सर्रास आढळते, पण मतांगीकार तिथे थांबत नाही. त्याचे शेवटचे शब्द मेलेल्यांच्या उठण्याविषयी आणि येणाऱ्या युगातल्या जीवनाविषयी आहेत. हे ध्यानात न घेता वाद सुरू झाला की तो चुकीच्या जागी सुरू होतो.

रायगडच्या किनाऱ्याला असे वाद नवे नाहीत. पोर्तुगीज सोळाव्या शतकात चौलला आले. त्यांच्या काळातली कॅथलिक वस्ती कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लईत आजही आहे. स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८२३ साली सावित्रीच्या मुखावरच्या बाणकोटला काम सुरू केले. विरोधाचा सर्वांत ठाम आवाजही याच भागातून उठला. विष्णुबुवा ब्रह्मचारी, म्हणजे विष्णू भिकाजी गोखले (१८२५–१८७१), हे माणगाव तालुक्यातल्या शिरवलीचे. तळा हा आजचा स्वतंत्र तालुका पूर्वी माणगावातच मोडत असे. बुवांनी १८५७ च्या जानेवारीपासून मेपर्यंत मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले. त्या वादांचा इंग्रजी वृत्तान्त त्यांचे प्रतिपक्षी, अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केला.

पुढच्या संवादातही तसेच दोन पक्ष आहेत. एक तळ्याचे निवृत्त गुरुजी. बुवा ज्या वेदान्ताच्या भूमीवरून बोलत, त्याच भूमीवरून ते प्रश्न विचारतात. दुसरे मराठी प्रॉटेस्टंट मंडळीचे पाळक. दोन्ही व्यक्ती विवेचनासाठी कल्पिलेल्या आहेत, पण त्यांच्या तोंडची मते त्या-त्या परंपरेत खरोखर मांडली गेलेली आहेत.

गुरुजींचा पहिला प्रश्न सर्वांत जुना आहे. “पाळकसाहेब, देह जळला, मातीला मिळाला, माशांनी खाल्ला. उठणार काय? आणि माणसाला खाणाऱ्या प्राण्याला दुसऱ्या माणसाने खाल्ले, तर ते मांस उठताना कोणाचे?”

ही शंका ख्रिस्ती लेखकांनीच सविस्तर नोंदवून ठेवली आहे. ऑगस्टीनने ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या बाविसाव्या भागात नरभक्षणाचे उदाहरण घेऊन तिचा विचार केला. प्रत्यक्ष छळातही तिचा वापर झाला. इ.स. १७७ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या लियों शहरात ख्रिस्ती लोकांना ठार मारल्यावर त्यांची प्रेते जाळून राख ऱ्होन नदीत लोटण्यात आली. त्यांच्या पुनरुत्थानाची आशाच संपावी, हा त्यामागचा हेतू होता. ही हकिगत सांगणारे तिथल्या मंडळीचे पत्र युसेबियसच्या इतिहासात जपले गेले आहे. मंडळीने आशा सोडली नाही. ज्याने शून्यातून निर्माण केले त्याला राखेची अडचण कसली, हे त्या पिढ्यांचे उत्तर होते.

पाळक प्रेषित पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राकडे वळतात. इ.स. ५५ च्या सुमाराच्या या पत्राचा पंधरावा अध्याय हा या विषयाचा मूळ आधार. “गुरुजी, पौलासमोरही हाच प्रश्न होता, मेलेले कोणत्या देहाने येतात? त्याने बियाण्याचा दाखला दिला. तुमच्याकडे राबात भात पेरतात. उगवून येते ते पेरलेले दाणे नसतात, पण दुसऱ्या कुठल्या पिकाचे रोपही नसते. पेरले ते नाशवंत, उठते ते अविनाशी. रेणू न् रेणू परत गोळा होईल, असे पौल कुठेच म्हणत नाही.”

गुरुजी यावर अडतात. “मग तो तोच माणूस कशावरून? नवा घडवलेला दुसरा का नाही?”

खरी अडचण इथे आहे, आणि तिला ख्रिस्ती विचारात एकच उत्तर नाही. ऑरिजेनने तिसऱ्या शतकात असे मांडले की जिवंत देहातले द्रव्यही नदीसारखे सतत बदलत असते, टिकते ते त्याचे रूप. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने आत्मा हेच देहाचे आकारतत्त्व मानले आणि देहाविना असलेला आत्मा म्हणजे पुरता माणूस नव्हे, असे म्हटले. पाळकांचे उत्तर साधे आहे. माणसाची ओळख देवाच्या स्मरणात टिकते, आणि ती परत देहात आणणे हेही त्याचेच काम. गुरुजींना ते तर्काला टाळणारे वाटते. तसे ते थोडेसे आहेही. ख्रिस्ती मत इथे युक्तिवादापेक्षा एका घडलेल्या घटनेवर, येशूच्या रिकाम्या कबरेवर, जास्त भिस्त ठेवते. पौल येशूला झोपी गेलेल्यांतले प्रथमफळ म्हणतो: आधी तो, मग त्याच्या येण्याच्या वेळी त्याचे लोक. ती घटना घडलीच नसेल तर आपला विश्वास व्यर्थ, हे तो स्वतःच त्याच अध्यायात कबूल करतो.

या प्रश्नाची व्यवहारातली बाजू दहनाची. ख्रिस्ती परंपरेने शतकानुशतके दफनच पसंत केले. कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनाला परवानगी दिली. २०१६ च्या सूचनापत्राने अस्थी पवित्र जागी ठेवाव्यात, त्या विखरू नयेत किंवा घरी ठेवू नयेत, असे सांगितले. मराठी ख्रिस्ती समाजात हा प्रश्न त्याआधी कितीतरी वर्षे प्रत्यक्ष उभा राहिला होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दहन झाले. कोकणातल्या करजगावात जन्मलेल्या या कवीला पुनरुत्थानावर विश्वास ठेवण्यासाठी आपल्या लोकांची अंत्यविधीची रीत टाकावीशी वाटली नाही. हे उदाहरण अनेक युक्तिवादांहून वजनदार आहे. लियोंच्या मंडळीने छळ सोसून जे म्हटले, तेच टिळकांनी स्वखुशीने मान्य केले.

गुरुजींचा दुसरा प्रश्न अधिक खोल जातो. “देह हवाच कशाला? जीर्ण वस्त्र टाकून नवे घ्यावे तसा जीव देह टाकतो, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. मोक्ष म्हणजे या फेऱ्यातून सुटणे. तुम्ही तर सुटलेल्याला पुन्हा कोंडता.”

कोंडणे हा आक्षेप ग्रीकांनीही घेतला होता. अथेन्सच्या अरीयपगावर पौल मृतांच्या पुनरुत्थानाचे बोलू लागताच काही जण थट्टा करू लागले, असे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिले आहे. आत्म्याच्या अमरत्वाचे ग्रीक विचारात सर्वांनाच वावडे नव्हते. नको होता तो देह. पुनरुत्थानाची कल्पना ग्रीक तत्त्वज्ञानातून आली नाही, ती यहुदी श्रद्धेतून आली, आणि तिचा उगम न्यायाच्या मागणीत आहे. यहेज्केलाला दिसलेल्या वाळलेल्या हाडांच्या खोऱ्याचा अर्थ तिथेच दिला आहे: परागंदा झालेले राष्ट्र पुन्हा उभे राहील. दानीएलच्या बाराव्या अध्यायात मातीत झोपलेले पुष्कळ जण जागे होतील, असे स्पष्ट येते. मक्काब्यांच्या दुसऱ्या पुस्तकात सात भावांची कथा आहे. परक्या राजाच्या हुकुमाने निषिद्ध मांस खाण्यास नकार देणाऱ्या त्या भावांतला तिसरा आपले हात पुढे करतो आणि हे आपल्याला देवाकडून परत मिळतील, असे म्हणतो. ज्याचे हात नियम पाळल्याबद्दल तोडले जात आहेत, त्याला ‘तू हात नव्हेस, आत्मा आहेस’ हे समाधान पुरत नाही. अन्याय देहावर झाला, म्हणून न्यायही देहाला मिळाला पाहिजे.

“म्हणजे तुमचा मोक्ष न्यायापोटी आला,” गुरुजी म्हणतात, “आमचा अज्ञान संपल्याने येतो.” दोन परंपरांमधला फरक इतक्या नेमकेपणाने क्वचित मांडला जातो. पाळक तो मान्य करतात आणि पुढे जोडतात, “आणि प्रेमापोटीही, गुरुजी. आईला तिचे मेलेले मूल हवे असते. ते मूळ तत्त्वात विलीन झाले हे ऐकून तिला शांती मिळेल, पण मूल मिळणार नाही.”

मात्र पुनरुत्थान म्हणजे हेच आयुष्य पुढे चालू राहणे नव्हे. पुनरुत्थान न मानणाऱ्या सदूकी लोकांनी येशूला विचारले होते, एकामागून एक सात भावांची बायको झालेली स्त्री तिकडे कोणाची? त्याने उत्तर दिले की त्या जीवनात लग्न करणे-देणे नाही, आणि अब्राहाम, इसहाक, याकोब यांचा देव मेलेल्यांचा देव नाही.

या किनाऱ्यावर ही यहुदी मुळे परकी नाहीत. रायगडच्या गावागावांत पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा चालवणारे, शनिवारी तो बंद ठेवणारे बेने इस्राएल यहुदी इथलेच. रोहेकर, पेणकर, किहीमकर, नवगावकर, तळकर अशा आडनावांत त्यांची गावे आहेत. त्यांच्या मलिद्याच्या विधीत एलीया संदेष्ट्याचे, एलियाहू हानाबीचे, स्मरण होते. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याने दर्शन दिले आणि तिथल्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, अशी त्यांची परंपरा सांगते. एलीया मरण न पाहता वर घेतला गेला. मलाखीच्या पुस्तकाच्या शेवटी तो परमेश्वराच्या मोठ्या दिवसाआधी परत येईल असे म्हटले आहे. दररोजच्या यहुदी प्रार्थनेतला दुसरा आशीर्वाद मेलेल्यांना जिवंत करणाऱ्या देवाची स्तुती करतो. अमेरिकन मिशनने आपल्या कोकणातल्या शाळांत बेने इस्राएल शिक्षक नेमले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. या समाजाने शिक्षण घेतले, धर्मांतर मात्र अगदी थोड्यांनी केले. म्हणून मृतांचे पुनरुत्थान आणि कोणाच्या तरी येण्याची वाट पाहणे या दोन्ही गोष्टी या किनाऱ्याला केवळ मिशनऱ्यांनी आणून दिल्या, असे म्हणणे बरोबर ठरत नाही. ख्रिस्ती मताने त्यात घातलेली भर एवढी की, ज्याची वाट पाहायची तो एकदा येऊन गेला आहे.

तिसरा मुद्दा कर्माचा. गुरुजी इथे सर्वांत जोरकस बोलतात. “एका जन्माची साठ-सत्तर वर्षे, आणि तिचा निकाल कायमचा? आमचा हिशेब लांब आहे, पण त्यात दुरुस्तीला जागा आहे. जन्मतःच दगावलेल्या पोराचा न्याय तुम्ही कसा करणार?”

इब्री लोकांस पत्र माणसाने एकदाच मरणे आणि नंतर न्याय, असे म्हणते. सर्व मंडळ्या पुनर्जन्म नाकारतात त्या याच आधारावर. निकाल कायमचा का, याबाबत मात्र त्यांच्यात एकवाक्यता नाही. कॅथलिक मत तारण मिळालेल्यांच्या शुद्धीसाठी शुद्धिस्थानाची अवस्था मानते. २ नोव्हेंबरला मृतांसाठी केलेल्या प्रार्थनांना त्यामुळे अर्थ येतो. प्रॉटेस्टंट सुधारकांनी ती अवस्था नाकारली. चौथ्या शतकात निस्साचा ग्रेगरी याने अखेरीस सर्व सृष्टीच देवाकडे परत येईल, अशी आशा बाळगली. त्याचा ‘आत्मा आणि पुनरुत्थान’ हा ग्रंथ संवाद आहे: बहीण मॅक्रिना मृत्युशय्येवर आहे, ग्रेगरी स्वतः आक्षेपकाची बाजू घेतो आणि उत्तरे ती देते. आत्मे एका देहातून दुसऱ्यात जातात या मताचाही त्यात परामर्श घेतला आहे. पाळक त्या आशेला सिद्धान्त म्हणायला तयार नाहीत. “न्याय करणारा तोच आहे जो आमच्यासाठी मेला,” एवढेच ते सांगतात. “पोराचे काय, हे मी त्याच्यावर सोडतो.” गुरुजींच्या प्रश्नाचे हे पूर्ण उत्तर होत नाही. या जागी ख्रिस्ती मताची बाजू खरोखरच अवघड आहे आणि ती सोपी करून सांगणाऱ्यांनी तिचे भले केलेले नाही.

मरण आणि पुनरुत्थान यांच्या दरम्यान माणूस कुठे असतो? वधस्तंभावरच्या चोराला येशूने आजच सुखलोकात असशील असे सांगितले, म्हणून बहुतेक मंडळ्या आत्मा लगेच ख्रिस्तापाशी जातो असे मानतात. ते विश्रांतीचे ठिकाण, पण मुक्कामाचे नव्हे. सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मात्र मृत्यू ही पुनरुत्थानापर्यंतची जाणीवरहित झोप मानतात. 

उरतो पुनरागमनाचा विषय. गुरुजी हसून विचारतात, “आमचा कल्की यायचा आहे, तुमचा ख्रिस्तही यायचा आहे. फरक तो काय?”

“कल्की येतो ते कलियुग संपवायला,” पाळक म्हणतात, “आणि मग चक्र पुन्हा सुरू होते. ख्रिस्त येतो ते एकदाच. आणि येणारा नवा अवतार नाही. शिष्यांनी वर जाताना पाहिला तोच येशू.” योहानाच्या शुभवर्तमानात उठलेला येशू थोमाला हातांतल्या खिळ्यांच्या खुणा दाखवतो. पुनरुत्थित देहावरही जखमांच्या खुणा राहिल्या, हा या मताचा सर्वांत लक्षणीय भाग. जे सोसले ते पुसले जात नाही, तेही उठते. कालचक्राच्या कल्पनेत अशी खूण कायमची राहायला जागा नाही.

येण्याचे सर्वांत जुने लेखी वर्णन थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात, इ.स. ५० च्या सुमाराचे आहे. काही विश्वासणारे ख्रिस्त येण्याआधीच वारले होते आणि मागे राहिलेले घाबरले होते. पौल त्यांना सांगतो की आधी ख्रिस्तात मेलेले उठतील आणि मग जिवंत असलेले त्यांच्यासह प्रभूला भेटायला घेतले जातील. हे शब्द दुःखितांच्या सांत्वनासाठी लिहिलेले आहेत. पुढे त्यांतूनच वेळापत्रके तयार झाली.

“आणि दोन हजार वर्षे झाली,” गुरुजी म्हणतात. “पहिल्या पिढीला वाटले होते, आपल्याच हयातीत.”

तसे वाटले होते, हे नव्या करारातूनच दिसते. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात ‘कुठे आहे त्याचे येणे?’ असे विचारणाऱ्यांचा उल्लेख आहे, आणि उत्तर असे की विलंब हा देवाचा धीर आहे, लोकांनी पश्चात्ताप करावा म्हणून. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातल्या हजार वर्षांच्या राज्यावरून मतभेद वाढले. दुसऱ्या शतकातले युस्टिन आणि इरेनियस ख्रिस्त येईल आणि मग पृथ्वीवर हजार वर्षे राज्य करील, असे मानत. ऑगस्टीनने ती हजार वर्षे म्हणजे मंडळीचा चालू काळ, असा अर्थ लावला आणि पश्चिमेत तोच रुळला. एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी याने विश्वासणाऱ्यांना संकटकाळाआधीच गुप्तपणे उचलून नेले जाईल, असे शिकवले. १९०९ च्या स्कोफील्ड बायबलमधल्या टिपांनी ते मत दूरवर नेले. आधीच्या अठरा शतकांत त्या मताला ठळक आधार सापडत नाही. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस ठरवला. दिवस गेला आणि हजारो लोक उद्ध्वस्त मनाने घरी परतले. तो दिवस आणि ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, हे शुभवर्तमानातले वचन समोर असताना तारीख सांगणे हा त्या वचनाचा सरळ भंग आहे. पाळक याबाबत कोणतीही सवलत देत नाहीत.

वाट पाहण्याने हातातले काम सुटते, असा गुरुजींचा शेवटचा आक्षेप. मिलरच्या काही अनुयायांनी शेते न कापता सोडली, हे खरे. महाराष्ट्रातले ठळक उदाहरण मात्र उलट आहे. केडगावच्या मुक्तिमिशनमध्ये १९०५ साली मोठे धार्मिक जागरण झाले. शेवटल्या दिवसांत देव आपला आत्मा ओतील, या योएल संदेष्ट्याच्या वचनाच्या प्रकाशात तिथल्या बायका-मुलींनी आपला अनुभव समजून घेतला. त्याच केडगावात पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या निराधार मुली सांभाळल्या, छापखाना चालवला आणि हिब्रू-ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम १९२२ मध्ये मरण येईपर्यंत केले. पौलही पुनरुत्थानाचा तो लांब अध्याय संपवताना करिंथकरांना कामात अढळ राहायला सांगतो, कारण प्रभूमधले श्रम व्यर्थ जात नाहीत. देह उठणार असेल, तर देहाने केलेले कामही फुकट जात नाही, हा त्याचा तर्क.

गुरुजी प्रकटीकरणाचा एकविसावा अध्याय उघडून दाखवतात. “इथे तर लिहिले आहे, नव्या पृथ्वीवर समुद्र उरणार नाही. आम्हा किनाऱ्याच्या लोकांचे काय?” पाळक सांगतात की बायबलमध्ये समुद्र अनेकदा जुलमी सत्तांचे आणि अराजकाचे चिन्ह म्हणून येतो. दानीएलाची श्वापदे समुद्रातून वर येतात, प्रकटीकरणातले पहिले श्वापदही. नाहीसे होणार ते हे. त्याच अध्यायात नगर स्वर्गातून खाली उतरते आणि देव माणसांत वस्ती करतो. माणसे पृथ्वी सोडून वर जातात असे तिथे चित्र नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल सारी सृष्टीच सुटकेसाठी कण्हत असल्याचे सांगतो.

“म्हणजे जग टाकायचे नाही,” गुरुजी म्हणतात.

“नाही. ते दुरुस्त व्हायचे आहे.”

गुरुजींच्या दृष्टीने जग हे अखेर ओलांडून जाण्याचे ठिकाण आहे आणि ओलांडणाऱ्याला त्याची दुरुस्ती लागत नाही. पाळकांच्या दृष्टीने ओलांडून जायला दुसरे ठिकाणच नाही.